फोल्डस्कोप: कागदाचा मायक्रोस्कोप, एका लॅबवालीच्या नजरेतून

मी कऱ्हाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कामाचा निम्मा वेळ डोळा मायक्रोस्कोपलाच लागलेला असतो. त्यामुळे रक्त द्यायला आलेले पालक, भावकीतली माणसं, ओळखीचे शिक्षक, सगळे विचारतात, की तो कागदाचा मायक्रोस्कोप मिळतो तो मुलांना घ्यावा का, की नुसतं खेळणंच आहे? दरवेळी उभ्याउभ्या काहीतरी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. जरूर घ्यावा, हे माझं उत्तर. पण त्यातून काय दिसतं आणि काय दिसत नाही हे माहीत नसताना घेतलात, तर तो लवकरच माळ्यावर जाईल. म्हणून पुढचं सगळं.

फोल्डस्कोप ही अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांची निर्मिती. प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध आला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसवायचा आणि कुठल्याही मुलाच्या खिशात मावेल असा मायक्रोस्कोप करायचा, हा त्यामागचा विचार. तेव्हापासून जगभरात दहा लाखांहून जास्त नग गेले आहेत.

हातात येतो तो जाड, छापील, चिवट कागद. पाण्याने भिजत नाही, सहजी फाटत नाही. भाग टोचून ठेवलेले असतात, ते हलके दाबून मोकळे करायचे, घडीच्या रेघांवर दुमडायचे, रंगाला रंग जुळवून एकात एक खोचायचे. डिंक नाही, स्क्रू नाही. माझी भाची सहावीत आहे. तिने तो जवळजवळ एकटीने जोडला, मी फक्त पट्ट्या कुठे सरकवायच्या ते दाखवलं. भिंग म्हणजे काचेची एक बारीक गोळी, अडीच मिलिमीटरपेक्षाही लहान. स्लाइड, म्हणजे बघायची वस्तू जिच्यावर ठेवतात ती पट्टी, कागदाच्या दोन थरांमध्ये सरकवायची, सगळा प्रकार डोळ्याच्या अगदी जवळ धरायचा आणि पाठीमागून उजेड येईल असं बघायचं. दोन्ही अंगठ्यांनी कागद इकडेतिकडे सरकवला की स्लाइडवरची जागा बदलते, एक पट्टी पुढेमागे केली की फोकस बदलतो.

वस्तू १४० पट मोठी दिसते. आमच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपला १० चा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि १० चं ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडचं भिंग) लावलं की १०० पट होते, म्हणजे त्याहून थोडी जास्तच. एकमेकांपासून दोन मायक्रॉनवर असलेल्या दोन गोष्टी यात वेगळ्या दिसतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल.

आता मुद्द्याचं. १४० पट हा आकडा लॅबवाल्याला किरकोळ वाटेल, पण लहान मुलांच्या प्रश्नांसाठी तो अगदी बरोबर जागी बसतो. मुलं जे विचारतात त्यातलं बरंचसं डोळ्याला दिसण्याच्या जरासंच पलीकडे असतं. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण माझे स्वतःचे लहानपणचे प्रश्न मी या कागदातून एकेक करून पाहिले.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. पाऊस धरला की महिनोन्‌महिने उघडीप नाही. जूनमध्ये तांबडे मखमली मृगाचे किडे, मग भिंतीला शेवाळ, परड्यात फुलपाखरं. फुलपाखरू चिमटीत धरलं की बोटाला पूड लागायची आणि आजी ओरडायची, "डोळ्याला हात लावू नको, आंधळी होशील!" पूड कशाची, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. फुलांचे परागच पंखाला लागत असणार, असं आम्ही पोरांनी ठरवून टाकलं होतं.

खिडकीच्या कोपऱ्यात मरून पडलेलं एक तपकिरी फुलपाखरू भाचीला मिळालं. (जिवंत धरायचं नाही, हे आधीच बजावलं होतं.) पारदर्शक चिकटपट्टी पंखाला हलकेच टेकवली, उचलली आणि कागदी स्लाइडच्या भोकावर लावली. फोल्डस्कोपमधून पाहिलं तर पूड नव्हतीच! एकसारखे, चपटे, लांबट खवले होते. एका टोकाला बारीकसा देठ, दुसऱ्या टोकाला दोन-तीन दाते. जिथे पंखाचा तुकडाच चिकटून आला होता तिथे तर ते घरावरच्या मंगलोरी कौलांसारखे ओळीने, एकावर एक चढवलेले होते. एकेक खवला मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढा. पंखावरची नक्षी म्हणजे या खवल्यांचे वेगवेगळे रंग. हे खवले सहज सुटतात, आणि त्याचा फुलपाखरांना, पतंगांना फायदाही होतो. कोळ्याच्या जाळ्यात अडकल्यावर खवले जाळ्याला चिकटून राहतात, जीव निसटू शकतो. पण एकदा गेलेला खवला पुन्हा उगवत नाही. हे कळल्यावर भाचीने आपणहून सांगितलं, "आत्या, मी आता कुठलंच फुलपाखरू पकडणार नाही." त्याआधी आम्ही सगळ्यांनी तिला कितीदा दटावलं होतं. पाहिल्याचा परिणाम वेगळा असतो.

त्याहून मोठी मजा मोरपिसाने केली. वहीत मोरपीस ठेवायचं, त्याला पेन्सिलीची सालं खायला घालायची, मग ते पिल्लं देतं, हा खेळ माहीत नाही असा मराठी शाळेतला माणूस सापडायचा नाही. पिल्लं काही झाली नाहीत, पण तो निळा-हिरवा रंग कुठून येतो हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पिसाच्या डोळ्यातला एक बारीक तंतू कात्रीने कापून आम्ही स्लाइडवर ठेवला. भाची डोळा लावून गप्प. मग म्हणाली, "आत्या, हे तर तपकिरी आहे!" मी पाहिलं, खरंच तपकिरी. बाहेर काढून उन्हात धरला तर तोच तंतू लखलखीत निळा-हिरवा. पुन्हा आत घातला, पुन्हा तपकिरी.

हा यंत्राचा दोष नव्हे. फोल्डस्कोपमध्ये उजेड वस्तूच्या पाठीमागून, आरपार येतो. मोरपिसात निळा किंवा हिरवा रंग भरलेलाच नसतो. आत मेलॅनिन असतं, आपल्या केसांत असतं तेच काळपट-तपकिरी द्रव्य. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या इतक्या शिस्तीत रचलेल्या असतात, की त्यांच्यावर आपटून परत येणाऱ्या उजेडातला ठराविक रंगच जोरकस होतो. कांड्यांमधलं अंतर थोडं बदललं की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा सोनेरी. उजेड परत न येता आरपार गेला की रंगाचा खेळ संपतो आणि खालचं तपकिरी द्रव्य उरतं. ती रचना कुठल्याही साध्या मायक्रोस्कोपमधून दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. पण रंग परतलेल्या उजेडाचा आहे, एवढं मात्र या कागदातून सहावीतल्या मुलीला स्वतः पडताळून पाहता आलं. अनेक फुलपाखरांचा निळा रंगही याच जातीचा. इतकी वर्षं महागड्या मायक्रोस्कोपवर काम करून मी कधी मोरपीस त्याखाली ठेवलं नव्हतं. लॅबमध्ये त्याचं काय काम!

उन्हाळ्यात दुपारी कौलातून कवडसा यायचा आणि त्यात धूळ तरंगताना दिसायची. हात फिरवला की भोवरे व्हायचे. कवडसा सरकला की धूळ गायब. ती सावलीत कुठे जाते, असं मी आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, ती असतेच, फक्त दिसत नाही. बरोबर बोलले होते. मागे अंधार आणि कणावर थेट ऊन असलं, की कणावरून उडालेला उजेड आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो, एवढाच फरक. पण ती धूळ असते कशाची, ते पाहायचं असेल तर काचेच्या स्लाइडवर व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवा आणि रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी फोल्डस्कोपमध्ये कपड्यांचे तंतू दिसतील. सुती तंतू चपटा आणि पीळ पडलेला असतो, तोच नायलॉनचा सरळ गुळगुळीत. मातीचे कण, परागकण, बुरशीचे बीजाणू, पतंगांचे सुटे खवले, आणि घर रस्त्यालगत असेल तर काजळीचे काळे गोळे. आमच्या खिडकीतली स्लाइड आणि गावच्या घरातली स्लाइड शेजारी ठेवल्यावर काजळीतला फरक इतका उघड होता, की दादाने मुलीच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी संध्याकाळी लावून घ्यायला सुरुवात केली.

झाड श्वास घेतं तर त्याचं नाक कुठे? हा प्रश्न मी वर्गात विचारला होता आणि सगळे हसले होते. त्याचं उत्तर पाहायला बागेतलं ऱ्हिओ उत्तम, वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं ते. पान मोडून हळूच ओढलं की खालचा जांभळा पापुद्रा सुटून येतो. पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच. जांभळ्या पेशींच्या फरसबंदीत मधूनमधून हिरव्या पेशींच्या जोड्या दिसतात, आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध फट. हीच ती रंध्रं. उजेड आणि पाणी भरपूर असलं की त्या दोन पेशी पाण्याने फुगून वाकतात आणि फट उघडते, पाणी कमी पडलं की ढिल्या होऊन मिटते. एवढ्या वाटेने कार्बन डायऑक्साइड आत आणि पाण्याची वाफ बाहेर. रंग आयताच असल्यामुळे वेगळा स्टेन, म्हणजे वरून रंग, लावावा लागत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मुलांना हेच दाखवा.

जास्वंदीचे काटेरी परागकण, मिठाच्या पाण्याचा थेंब सुकताना बनणारे चौकोनी स्फटिक, पावावरच्या बुरशीची काळी डोकी, वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोचे चार शाईंचे ठिपके. ही सगळी सोपी, हमखास दिसणारी मंडळी आहेत, त्यांचं वर्णन करत बसत नाही.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. सुकलं गवत पावसाच्या पाण्यात बुडवून बरणी खिडकीत ठेवायची. काही दिवसांत वर साय धरते, वास येतो, आणि घरातली मंडळी ती फेकून द्यायला टपलेली असतात. फेकू देऊ नका. सायीच्या कडेचा एक थेंब ड्रॉपरने घ्यायचा. आम्ही पाहिला तेव्हा आधी नुसती धावपळ दिसली, काय धावतंय ते कळेना. पॅरामेशियम हा एकाच पेशीचा जीव सेकंदाला मिलिमीटरभर जातो, तो १४० पट मोठा दिसतो तेव्हा त्याचा वेगही तितक्याच पटीने मोठा दिसतो. बघता बघता नजरेच्या बाहेर! त्याला आमच्या धंद्यात चालणारी युक्ती म्हणजे कापसाचे चार-दोन तंतू विंचरून थेंबात टाकायचे. तंतूंच्या कुंपणात ते अडकतं आणि मग निवांत पाहता येतं. पुस्तकातल्या आकृतीत ते नुसता चपलेचा तळवा असतो. इथे ते तंतूला धडकतं, थोडं मागे जातं, दिशा बदलतं, पुन्हा पुढे. डोकं नाही, मेंदू नाही, आणि तरी वाट शोधण्याची रीत आहे. कडेकडेने केसांची लहर फिरताना जाणवते. एकदा त्याच थेंबात रोटिफर नावाचा पाण्यातला सूक्ष्म प्राणी आला. शेपटाने चिकटून उभा, तोंडापाशी दोन चाकं फिरतायत असं वाटतं. ती चाकं नसतात, केसांचं गोल कडं एकामागून एक हलत असतं, त्याने पाण्याचा भोवरा होतो आणि खाणं तोंडात येतं. भाचीने शेजारच्या सगळ्या पोरांना बोलावून आणलं आणि फोल्डस्कोप हातोहात फिरला.

या हातोहात फिरण्याचं मला फार महत्त्व वाटतं. आम्ही शिकलो त्या शाळेत पितळी मायक्रोस्कोप होता, पण कपाटात, कुलपात. तपासणीच्या आधी तो पुसून टेबलावर यायचा, आम्ही रांगेने एकेक क्षण डोळा लावायचो आणि बहुतेकींना स्वतःच्या पापणीचे केस दिसायचे. हात लावायचा नाही, फोकस फिरवायचा नाही. फोल्डस्कोप खाली पडला तर उचलून पुसायचा. ओला झाला तर फडक्याने टिपायचा. गुरांच्या हौदापाशी, ओढ्यावर, परड्यात, जिथे वस्तू आहे तिथे घेऊन जायचा. मुलाने स्वतः फोकस लावला तरच दिसलेलं त्याचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि इथे स्वतः लावल्याशिवाय काही दिसतच नाही.

गोळीच्या भिंगाची ही जुनीच परंपरा आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अंतोनी फान लेव्हेनहूक एकाच भिंगाचे मायक्रोस्कोप स्वतः बनवत असे, आणि त्याच्या टिकून राहिलेल्या भिंगांपैकी सर्वांत चांगलं भिंग सुमारे २७० पट मोठं दाखवतं. मिरी तिखट का लागते, हे त्याला शोधायचं होतं. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि १६७६ मध्ये त्या पाण्यात कल्पनेपेक्षा लहान जीव पोहताना पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, त्याने कळवलं, तिथे कुणाचा विश्वास बसेना, शेवटी पुढल्या वर्षी सोसायटीतल्याच रॉबर्ट हूकने स्वतः मिरीचं पाणी करून खात्री केली. तिखटपणाचं उत्तर लेव्हेनहूकच्या हयातीत मिळालंच नाही. ते पायपरीन नावाचं द्रव्य, १८१९ साली ओर्स्टेडने वेगळं केलं. विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे पुढच्याच वर्षी दाखवणारा ओर्स्टेड तो हाच. एक साधा प्रश्न, उत्तर मिळालं भलत्याच गोष्टीचं, आणि त्यातून जंतूंचं जग उघडलं. आमच्या स्वयंपाकघरातही चार मिरे ठेचून पावसाच्या पाण्यात ठेवले होते. फोल्डस्कोपमधून मोठे जीव छान दिसले, जिवाणू मात्र नुसते थरथरणारे कण.

तिथेच या वस्तूची हद्द संपते, आणि ती पालकांनी नीट समजून घ्यावी. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे. ते आहेत एवढं कधीकधी जाणवेल, आकार कळणार नाही. दह्यातले लॅक्टोबॅसिलस दाखवीन असं मुलांना कबूल करू नका. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, ती बारीक ठिपका म्हणून दिसते. पांढऱ्या पेशींचे प्रकार, प्लेटलेट, मलेरियाचे परोपजीवी, यांसाठी आम्ही स्मिअरला, म्हणजे काचेवर पातळ पसरलेल्या रक्ताला, स्टेन करून तेलाखाली १०० च्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे १००० पटीला पाहतो. तेव्हा घरच्या घरी रक्त तपासू, ही कल्पना डोक्यातून काढून टाका. आणि मुलांना गंमत म्हणून सुई टोचून घेऊ देऊ नका. ज्या हातांनी मी रोज सुया टाकते, त्या हातांनी हे कळकळीने लिहिते आहे. एकमेकांच्या सुया वापरल्याने काय काय पसरतं ते आम्ही रिपोर्टमध्ये पाहतो. पेशी पाहायचीच असेल तर कांद्याचा पापुद्रा आहे, आयोडिनचा एक थेंब टाकला की केंद्रकही उठून दिसतं.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेचीच. उजेडासाठी आभाळाकडे, खिडकीकडे, दिव्याकडे बघायचं. सूर्याकडे कधीही नाही, ढग असले तरी नाही. ही एक सूचना मुलाच्या हातात देण्याआधी द्या आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या.

गोळीच्या भिंगामुळे मधला भाग स्वच्छ आणि कडा धूसर दिसतात, ते भिंगाच्या आकारामुळेच होतं. एका वेळी दिसणारी जागा छोटी, आणि हात हलला की चित्र हलतं. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली की निम्मा प्रश्न सुटतो. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून भुवईला टेकेल इतकं जवळ धरावं. मोबाइल जोडला तर फारच सोपं होतं. सोबतचं चुंबकाचं कडं कॅमेऱ्यावर बसवलं की फोल्डस्कोप त्याला चिकटतो, चित्र स्क्रीनवर येतं, चारचौघांना एकदम पाहता येतं आणि फोटोही निघतो. तरी माझं सांगणं, की आधी नुसत्या डोळ्याने पाहायची सवय लावा. मोबाइल हातात आला की मुलं पाहायचं सोडून शूटिंग करत बसतात.

स्लाइड करणं हे निम्मं कौशल्य आहे, आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नाही. थेंब लहान हवा, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळू सोडायची, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. नवखा माणूस बुडबुड्यालाच पेशी समजतो. काळी जाड कड असलेलं अगदी गोल काही दिसलं तर तो बुडबुडा. जास्तीचं पाणी टिपकागदाने कडेने ओढून घ्यायचं. पदार्थ जितका पातळ तितका चांगला. जाड वस्तूतून उजेड येत नाही, नुसता काळा डाग दिसतो.

याच मनू प्रकाशांच्या गटाने २०१७ साली कागदाचा सेंट्रिफ्यूजही (नमुना गरगर फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र) केला, पेपरफ्यूज. शर्टाच्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून, ओढून-सैल सोडून, भिर्रर्र फिरवायचा खेळ आम्ही सगळ्यांनी खेळलेला आहे. त्याच तत्त्वावर कागदाची चकती मिनिटाला सव्वा लाख फेरे घेते आणि रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरणारा द्रव, दीड मिनिटात वेगळा करते, विजेशिवाय. लॅबमध्ये वीज गेली आणि सेंट्रिफ्यूज थांबला, की मला त्या बटणाची हटकून आठवण येते.

बाकीच्या पर्यायांबद्दल. दुकानात खोक्यावर '१२०० पट' असं छापलेले प्लास्टिकचे मायक्रोस्कोप मिळतात. भिंग प्लास्टिकचं आणि स्टेज, म्हणजे स्लाइड ठेवायची जागा, हलतं असेल तर कितीही पट छापलं तरी धूसर चित्रच मोठं होऊन येतं. त्यावर पैसे घालू नका. कॉलेजच्या मुलांचा जुना, चांगल्या अवस्थेतला मायक्रोस्कोप परवडत असेल तर तो फोल्डस्कोपपेक्षा नक्कीच सरस दाखवतो, फक्त तो घरातून हलत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र आधी साधं १० पट मोठं दाखवणारं हातातलं भिंग द्या. मुंगी, गोगलगाय, फुलाचा गाभा, मृगाच्या किड्याची मखमल हे सगळं त्यातून जिवंत आणि हलतं दिसतं. फोल्डस्कोपमध्ये अख्खी मुंगी मावतच नाही. आठ-नऊ वर्षांच्या पुढे, बोटांना स्थिरपणा आला की फोल्डस्कोप.

घेताना दोन प्रकार दिसतील. एक डब्यातला संच, त्यात स्लाइड, चिमटा, ड्रॉपर, छोटा दिवा असं साहित्य सोबत असतं. घरी एकुलत्या मुलासाठी किंवा भेट म्हणून तो बरा. दुसरा शाळांसाठीचा, अनेक नग एकगठ्ठा येतात आणि दर नगाला खर्च बराच कमी पडतो. चार-पाच घरांनी किंवा वाडीतल्या शाळेने मिळून घ्यायचा असेल तर हाच घ्या. त्यात जोडसाहित्य थोडं असतं, म्हणून काचेच्या स्लाइड, कव्हरस्लिप आणि आयोडिन वेगळं आणून ठेवा. हे सगळं प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. काचा मोठ्या माणसाने हाताळाव्यात, लहान मुलांना कागदी स्लाइड आणि चिकटपट्टी पुरते. आणि नग मुलांच्या नावावर घरी नेऊ द्या, कपाटात ठेवू नका.